हिवतापाच्या डासाची ओळख अर्धवट सोडू नका : एक खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील हिवताप नियंत्रणाचे नियोजन, डासांचे सर्वेक्षण आणि त्यासाठीचा निधी ज्यांच्या अखत्यारीत येतो, ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस

विषय : सर्वेक्षणात पकडलेल्या ॲनोफिलीस डासांची जनुकीय तपासणी करून त्यांची नेमकी प्रजाती नोंदवण्याबाबत.

महोदय, महोदया,
सादर नमस्कार.

मी नाशिकची रहिवासी असून प्राणिशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. माझे वडील हिवताप निर्मूलनाच्या कामात होते. कळवण आणि सुरगाण्याच्या बाजूला त्यांची फिरती असे. खांद्याला पिशवी, पिशवीत रक्ताच्या काचपट्ट्यांची लाकडी पेटी, आणि फवारणी झालेल्या घराच्या भिंतीवर गेरूने तारखेचा शिक्का उमटवण्यासाठी पत्र्याचा साचा, असा त्यांचा सरंजाम होता. ज्या घराच्या भिंतीवर तो शिक्का आहे त्या घरातील माणूस तापाने फणफणू नये, एवढीच त्यांची इच्छा असे, आणि एखाद्या शिक्का असलेल्या घरातील रक्ताच्या काचपट्टीत हिवतापाचा परजीवी आढळला की ते रात्री जेवताना गप्प असत. फवारणी नीट झाली होती, भिंत सारवली गेली नव्हती, मग डास मेला का नाही, हा प्रश्न ते स्वतःलाच विचारत राहत. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग शास्त्राने पुढे शोधून काढला. तो आपल्या जिल्ह्याच्या कामात उतरावा, एवढ्यासाठी हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे.

पत्राला निमित्त झाले ते असे. निवृत्तीनंतरही मी काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन पेठ तालुक्यातील दोन पाड्यांवर डास गोळा करण्याचे काम केले. दोन्ही पाडे एकाच ओहोळाच्या दोन तीरांवर आहेत. एका पाड्यावर गुरे भरपूर, आणि पहाटे विजेरी व शोषनळी घेऊन गोठ्यात गेले की थोड्या वेळात नळ्या भरून जात. दुसऱ्या पाड्यावर गुरे मोजकी, आणि अर्धा तास भिंती न्याहाळल्यावर जेमतेम चार-पाच डास हाती लागत. तापाचे रुग्ण मात्र गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार या दुसऱ्या पाड्यावरच अधिक होते. तिथली माझी एक विद्यार्थिनी तापामुळे वार्षिक परीक्षेला बसू शकली नव्हती. आम्ही डास सुकवून, चिठ्ठ्या लावून, त्यांची जनुकीय तपासणी व्हावी अशी विनंती करत संबंधित ठिकाणी गेलो, तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की पकडलेले डास ॲनोफिलीस, म्हणजे ज्यात हिवतापाचे वाहक मोडतात त्या गटातले, आहेत एवढे कळले की काम झाले, त्यापुढची ओळख या कार्यक्रमात आवश्यक मानलेली नाही, आणि मोजून झालेले डास ठेवून घेण्याची पद्धतही आता बंद केली आहे. सांगणाऱ्या व्यक्तीशी माझे भांडण नाही. त्यांनी नम्रपणे सांगितले आणि त्यांच्या हाती जे होते तेच सांगितले. मला मान्य नाही तो निर्णय.

तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्याआधी जवळपास दोन वर्षे रॉस करड्या आणि पट्टेदार डासांची विच्छेदने करत होते आणि त्यांना काहीही सापडत नव्हते, हे मात्र फारसे शिकवले जात नाही. त्यांची चिकाटी कमी नव्हती आणि सूक्ष्मदर्शकही पुरेसा होता. डास चुकीचे होते. पंखांवर ठिपके असलेला वेगळा डास हाती आला आणि मग काही दिवसांतच कोडे सुटले.

दुसरे उदाहरण युरोपातले आहे. तेथे ॲनोफिलीस मॅक्युलिपेनिस हा डास हिवताप पसरवतो असे ठरले, पण हा डास मुबलक असूनही जेथे हिवताप नाही असे मोठे प्रदेश सापडू लागले, आणि ‘हिवतापाविना ॲनोफिलीस’ हे एक कोडेच होऊन बसले. ते सुटायला सुरुवात झाली इटलीतील फॅलेरोनी नावाच्या निवृत्त आरोग्य निरीक्षकामुळे. दिसायला सारख्या असलेल्या माद्यांची अंडी सारखी नसतात, त्यांच्यावरील नक्षी वेगवेगळी असते, हे त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले. एका नावाखाली अनेक प्रजाती दडलेल्या होत्या. त्यांतील काही गुरांवर जगत होत्या आणि काही माणसांना चावत होत्या. आरोग्य खात्यातील एका निरीक्षकाने केलेली ही नोंद आहे, म्हणून मला ती विशेष जवळची वाटते. माझ्या वडिलांच्या हाताखाली कोणी अंडी तपासायला सांगितली असती, तर त्यांनीही ती आनंदाने तपासली असती.

आता आपल्याकडची गोष्ट. ग्रामीण भारतात हिवतापाचा मुख्य वाहक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. नदीच्या पात्रात उन्हाळ्याकडे उरणारी डबकी, पाटाच्या कडेचे साचलेले पाणी, भाताची खाचरे, नुकतेच खणलेले खड्डे, ही त्याची वाढण्याची ठिकाणे आहेत. पंखांवरचे ठिपके आणि सोंडेशेजारच्या स्पर्शिकांवरचे पट्टे पाहून प्रशिक्षित माणूस त्याला इतर ॲनोफिलीसपासून वेगळा काढतो. परंतु १९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी या डासाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि दाखवून दिले की हा एक डास नाही. अंडी अर्धवट भरलेल्या मादीच्या अंडाशयात काही पोषक पेशी असतात. त्यांतील गुणसूत्रे इतकी जाड झालेली असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरचे आडवे पट्टे साडीच्या काठासारखे एकामागून एक वाचता येतात. काही माद्यांच्या एक्स गुणसूत्रावर या पट्ट्यांचे दोन तुकडे उलटे बसलेले होते आणि काहींच्या गुणसूत्रावर ते सुलटे होते. दोन्ही प्रकारच्या माद्या एकाच ठिकाणी पकडल्या जात होत्या. त्यांचा आपसात संकर होत असता, तर एक प्रत उलटी आणि एक सुलटी अशा मिश्र माद्या भरपूर सापडायला हव्या होत्या. तशा त्या सापडत नव्हत्या. याचा अर्थ हे डास शेजारी राहत होते, पण त्यांचे वंश वेगळे होते. त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ अशी नावे मिळाली. १९८३ मध्ये सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सी’ प्रजातीचे वर्णन केले, पुढे ‘डी’ सापडली आणि १९९९ मध्ये रामेश्वरम बेटावरून ‘ई’ प्रजातीची नोंद झाली. डोळ्यांना या पाचही सारख्याच दिसतात.

हा केवळ अभ्यासकांच्या हौसेचा विषय असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. या पाचांपैकी ए, सी, डी आणि ई या प्रजाती हिवताप वाहतात. ‘बी’ प्रजातीची मादी मात्र बहुतांशी गुरांचेच रक्त पिते आणि हिवतापाची वाहक म्हणून जवळजवळ निरुपद्रवी ठरते. पश्चिम भारतात बी आणि सी या प्रजाती एकत्र आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि आपले सुरगाणा व पेठ हे तालुके गुजरातच्या सीमेला लागून आहेत. म्हणजे आपल्या गोठ्यातील एकाच शोषनळीत निरुपद्रवी आणि घातक अशा दोन्ही माद्या येऊ शकतात आणि त्या दोघींची नोंद कागदावर एकाच नावाने होते.

येथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार घनतेच्या रकान्याविषयी आहे. सर्वेक्षणात एका माणसाला एका तासात किती डास मिळाले यावरून ताशी घनता काढली जाते आणि ती वाढली की गावाकडे लक्ष जाते. ज्या गावात गुरे पुष्कळ आणि म्हणून ‘बी’ प्रजाती पुष्कळ, त्या गावाची घनता साहजिकच फुगते. ज्या पाड्यावर गुरे कमी, पण जे थोडे डास आहेत ते माणसालाच चावणारे आहेत, त्या पाड्याची घनता कमी दिसते. फवारणीसाठी गावांचा क्रम ठरवताना ही संख्या जर वजन धरत असेल, तर औषध, माणसे आणि दिवस हे सगळे चुकीच्या तीरावर खर्च होण्याची शक्यता आपण स्वतःच निर्माण करत आहोत. ओहोळाच्या दोन तीरांवरच्या ज्या पाड्यांविषयी मी वर लिहिले, तेथे नेमके हेच घडते आहे असा माझा दावा नाही. माझे म्हणणे एवढेच की ते तपासण्याचा मार्ग उपलब्ध असताना तो बंद करण्यात आला. पहाटे गोठ्यात डास पकडणे सोपे असते, म्हणून आपले बरेचसे डास गोठ्यातून येतात आणि त्यामुळे हा दोष आणखी वाढतो.

दुसरी तक्रार औषधांविषयी आहे. डास कीटकनाशकाला दाद देतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांना औषध लावलेल्या कागदाच्या नळीत एक तास ठेवतात आणि चोवीस तासांनी मेलेले किती, जगलेले किती, हे मोजतात. उत्तर भारतात ए आणि बी या प्रजाती एकत्र असलेल्या भागांत असे दिसून आले की डीडीटीला ‘ए’ प्रजाती ‘बी’पेक्षा अधिक बळी पडत होती. विचार करा, की अशा ठिकाणी चाचणीसाठी पकडलेल्या डासांत ‘बी’ जास्त असतील, तर बरेच डास जगतील, औषध निकामी झाले असा निष्कर्ष निघेल, आणि प्रत्यक्षात ज्या प्रजातीला मारायचे होते ती त्याच औषधाने मरत असेल. याच्या उलटही होऊ शकते. निरुपद्रवी डास मरून पडतील, आपण समाधान मानू आणि घातक प्रजाती भिंतीवर बसून राहील. म्हणून मेलेले आणि जगलेले डास वेगळे ठेवून त्यांची प्रजाती तपासणे ही त्या चाचणीची खरी शेवटची पायरी आहे. ती वगळली की सरासरी हाती येते आणि अशा सरासरीवरून औषध बदलण्याचा निर्णय घेणे जोखमीचे आहे. औषध बदलणे किती खर्चाचे असते हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

तिसरी तक्रार डोंगराळ तालुक्यांची आहे. डोंगरपायथ्याच्या संथ वाहत्या ओहोळांत वाढणारा ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस हाही एकटा नाही. त्याच्या एस, टी आणि यू अशा प्रजाती ओळखल्या गेल्या आहेत. ‘एस’ माणसाच्या रक्ताला चटावलेली आणि अत्यंत कार्यक्षम वाहक असून ओडिशासारख्या राज्यांच्या वनप्रदेशात तिने मोठे नुकसान केले आहे, तर ‘टी’ आणि ‘यू’ जवळजवळ पूर्णपणे गुरांवर जगतात. ओहोळाच्या काठी फ्लुव्हिएटिलिस सापडला, ही नोंद धोक्याची घंटा मानायची की नाही, हे त्या एका अक्षरावर अवलंबून आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठ आणि सुरगाणा या पट्ट्यात ओहोळांना तोटा नाही. तेथील नोंदीत ते अक्षर लिहिलेले असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मला उत्तर म्हणून असे सांगण्यात आले होते, आणि पुढेही सांगितले जाईल, की सर्वच ॲनोफिलीस धोकादायक मानले तर चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूची चूक ठरते. या म्हणण्यात तथ्य असते, जर औषध, मनुष्यबळ आणि लोकांचे सहकार्य अमर्याद असते. तसे ते नाही. दर फेरीला घरातील भांडी, धान्य, अंथरूण बाहेर काढून भिंती मोकळ्या करून देणारी बाई दोन फेऱ्या सहन करते आणि तिसऱ्या फेरीला दार लावून घेते, हे माझ्या वडिलांनी पाहिले आणि मीही पाहिले आहे. तिचा विश्वास जेथे खर्च व्हायला हवा तेथेच तो खर्च झाला पाहिजे. शिवाय ‘सुरक्षित बाजूची चूक’ ही चूकच असते, हे व्हिएतनामच्या अनुभवातून शिकण्यासारखे आहे. तेथे मध्य भागात ॲनोफिलीस व्हरुना या बिनमहत्त्वाच्या डासाला ॲनोफिलीस मिनिमस हा प्रमुख वाहक समजले जात होते आणि जनुकीय तपासणीनंतर कळले की नियंत्रणाचा रोख भलत्याच डासावर होता.

श्रीलंकेचा धडा याच्या उलट दिशेचा आहे. गुणसूत्रांच्या पट्ट्यांवरून तेथील क्युलिसिफेसीस ‘बी’ प्रजातीचा मानला जात होता. भारतात ‘बी’ निरुपद्रवी, आणि श्रीलंकेत मात्र त्याच नावाचा डास हिवताप पसरवत होता. रामेश्वरमला ‘ई’ प्रजाती सापडली तेव्हा याचा उलगडा झाला, कारण ‘बी’ आणि ‘ई’ यांचे पट्टे सारखेच असतात, फरक नराच्या वाय गुणसूत्राच्या आकारात असतो. त्यानंतर श्रीलंकेतही ‘ई’ आढळली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण जनुकीय ओळखीचे एकच साधन पुरे पडत नाही, हेही मला लपवायचे नाही. श्रीलंकेने डासांचा, औषधांचा आणि रुग्णांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला हिवतापमुक्त घोषित केले. आपल्या देशानेही त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत निर्मूलनाचे ध्येय ठेवले आहे.

पूर्वी ही तपासणी अवघड होती हे मान्य केले पाहिजे. गुणसूत्रांचे पट्टे वाचण्यासाठी मादी नेमक्या अवस्थेत असावी लागते, तिचे अंडाशय ताजेपणीच अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवावे लागतात, आणि वाचणारा डोळा तयार व्हायला वर्षे लागतात. मी स्वतः ते शिकण्याचा प्रयत्न केला आहे आणि दहापैकी सात काचपट्ट्या वाया जात असत. आता तशी अडचण राहिलेली नाही. डासाचा एक पाय डीएनए काढायला पुरतो. डास मेलेला, सुकलेला, नर किंवा मादी, अगदी अळी असली तरी चालते. राइबोसोमच्या २८एस जनुकातील डी३ नावाच्या छोट्या भागावरून पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून ओळख पटवण्याची चाचणी) केले की क्युलिसिफेसीसचे दोन गट पडतात : एकीकडे ए आणि डी, दुसरीकडे बी, सी आणि ई. नंतर मायटोकाँड्रियातील सीओ-२ या जनुकावरून प्रत्येक गटातील प्रजाती वेगळ्या करता येतात. भारतीय संशोधकांनीच या चाचण्या २००४ ते २००६ या काळात प्रसिद्ध केल्या आहेत. फ्लुव्हिएटिलिसच्या प्रजातींसाठीही अशीच चाचणी आहे. पाय प्रजाती ओळखण्यासाठी वापरला की उरलेला डास हाताशी राहतोच : पोटातील रक्त माणसाचे की गुराचे हे पाहता येते आणि डोके-छातीच्या भागात हिवतापाचा परजीवी पोहोचला आहे का हेही तपासता येते. एका डासापासून तीन उत्तरे मिळतात, आणि तो डास आपला कर्मचारी आजही पहाटे उठून पकडतोच आहे. पकडण्याचा सगळा कष्ट आणि खर्च करून झाल्यावर, मोजून तो डास फेकून द्यायचा, याचे मला मनापासून दुःख होते.

यंत्रांचा प्रश्न पुढे केला जाईल. कोविडच्या काळात पीसीआर हा शब्द घराघरांत पोहोचला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ती यंत्रे आणि ती चालवणारी तरुण माणसे तयार झाली. डासाच्या या चाचणीसाठी लागणारे यंत्र त्याहून साधे असले तरी चालते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, आणि प्राणिशास्त्र व जैवतंत्रज्ञान शिकवणारी महाविद्यालयेही शहरात आहेत. दरवर्षी पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात, आणि त्यांना स्वतःच्या जिल्ह्यातील डासांपेक्षा उपयोगी विषय मिळणार नाही. कमतरता आहे ती पकडलेला डास आणि यंत्र यांना जोडणाऱ्या एका लेखी व्यवस्थेची.

काळाविषयी एक मुद्दा. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. रस्ते, पूल, घाट आणि इमारतींच्या कामांवर दूरदूरच्या राज्यांतून कामगार येतात आणि त्यांतील काही हिवतापाचे प्रमाण जास्त असलेल्या भागांतून आलेले असतात. त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही, कारण आजारी पडल्यावर सर्वांत जास्त सोसावे लागते ते त्यांनाच. पण बाहेरून आलेला परजीवी इथे पसरतो की एका रुग्णापाशीच थांबतो, हे त्या वस्तीभोवती कोणती प्रजाती आहे यावर ठरते. बांधकामाच्या टाक्यांत आणि हौदांत ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा शहरी वाहक वाढतो. याचेही अंड्यांवरील कंगोऱ्यांच्या संख्येवरून तीन प्रकार मानले जातात आणि त्यांतील मायसोरेन्सिस हा प्रकार कमी धोक्याचा समजला जातो. कोट्यवधी भाविक गोदाकाठी येण्याआधी तपोवनापासून त्र्यंबकेश्वरापर्यंतच्या डासांची एक खात्रीलायक यादी आपल्या हाती असायला हवी, आणि ती तयार करायला किमान एक पूर्ण वर्ष, म्हणजे पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा, तिन्ही ऋतू लागतात, कारण प्रजातींचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते.

कोणी असेही म्हणेल की रुग्ण आता कमी झाले आहेत, मग एवढी बारीक चौकशी कशाला. देशात २००० साली हिवतापाच्या सुमारे २० लाख रुग्णांची नोंद होती आणि २०२० ते २०२३ या काळात ती दरवर्षी अडीच लाखांच्या आत राहिली, हे खरे आहे आणि ते हजारो कर्मचाऱ्यांच्या कष्टांचे फळ आहे. परंतु आपण हे एकदा अनुभवले आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली, सगळीकडे ढिलाई आली आणि १९७६ मध्ये ती ६४ लाखांच्या वर गेली. माझ्या वडिलांच्या नोकरीतील सर्वांत कठीण वर्षे तीच होती. रुग्ण कमी उरतात तेव्हा उरलेला हिवताप काही मोजक्या पाड्यांवर, मोजक्या ओहोळांकाठी टिकून राहतो, आणि सरसकट उपायांनी तो सापडत नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पकडलेले डास मोजून फेकण्याची पद्धत तातडीने थांबवावी. प्रत्येक फेरीतील क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिएटिलिस डासांचा ठरावीक हिस्सा सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) घातलेल्या लहान कुप्यांत सुकवून ठेवावा आणि प्रत्येक कुपीवर गाव, पाडा, तारीख, आणि डास घरात मिळाला की गोठ्यात, हे लिहावे. यासाठी पैशाची फारशी गरज नाही, आदेशाची आहे, आणि तो आदेश या पावसाळ्याआधी निघू शकतो. तपासणी लगेच झाली नाही तरी कोरडे राखलेले डास टिकतात, फेकलेले परत येत नाहीत.

या डासांच्या जनुकीय तपासणीसाठी जिल्ह्यातच एक प्रयोगशाळा निश्चित करावी, तिच्याशी लेखी करार करावा आणि प्रजाती, रक्ताचा स्रोत व परजीवीची उपस्थिती या तिन्ही गोष्टी एकत्र नोंदवाव्यात. ज्यांच्याकडे या कामाचा अनुभव आहे अशा राष्ट्रीय संस्थेकडून काही नमुन्यांची फेरतपासणी करून घ्यावी, म्हणजे आपल्या निकालांवर विश्वास ठेवता येईल.

ताशी घनतेच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना असावा आणि त्यात तपासलेल्या डासांपैकी वाहक प्रजातींचे प्रमाण लिहावे. फवारणी आणि औषधभारित मच्छरदाण्यांसाठी गावांचा क्रम ठरवताना रुग्णसंख्येबरोबर हा दुसरा रकाना विचारात घ्यावा. कीटकनाशकाच्या चाचणीत मेलेले व जगलेले डास वेगवेगळे जपून त्यांचीही ओळख पटवावी.

हे निकाल तालुकानिहाय, मराठीत आणि दरवर्षी जाहीर करावेत. पाड्यावरच्या आशाताईला आणि ग्रामसभेला ते वाचता आले पाहिजेत.

कीटक समाहारकांची पदे जेथे रिकामी असतील तेथे ती भरावीत, आणि आज काम करणाऱ्यांना या नव्या पद्धतीचे प्रशिक्षण द्यावे. पहाटे चारला उठून परक्याच्या गोठ्यात भिंतीला नळी लावणारा माणूस नसेल, तर उत्तमातले उत्तम यंत्रही रिकामे बसून राहील. या माणसाचे नाव अहवालात कधी येत नाही. ते यावे, अशीही माझी विनंती आहे.

मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी पेठमधील त्या दोन पाड्यांवरचे सुकवलेले डास जपून ठेवले आहेत. प्रत्येक कुपीवर चिठ्ठी आहे, घर आणि गोठा वेगळे नोंदवलेले आहेत. आपण सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या प्रयोगशाळेत ते आणून देण्याची आमची तयारी आहे, आणि डास पकडण्याचे, विच्छेदनाचे व नोंदी ठेवण्याचे प्रशिक्षण मी आपल्या कर्मचाऱ्यांना विनामूल्य द्यायला तयार आहे. या पत्राला आपण लेखी उत्तर द्यावे, आणि डास ठेवून घेण्याची पद्धत बंद करण्याचा निर्णय कोणत्या कारणाने झाला हे त्यात स्पष्ट करावे.

आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
नाशिक